पहिली कादंबरी आणि तिचे पहिले वाचक

(खामगाव येथे ग्रंथालयांचे कार्यकर्ते, शिक्षक, पंचायत सदस्य व नवोदित लेखक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



खामगाव हे कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाच्या मोठ्या बाजारपेठांत या गावाची गणना होत असे. त्या कापसासाठीच १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा लोहमार्ग टाकण्यात आला. शेतकऱ्याने कापूस वेचला की पुढे अडत्या होता, सरकी काढणारा कारखाना होता, गाठी बांधणारे दाबयंत्र होते आणि गाठी वाहून नेणारी आगगाडी होती. आपली गाठ डोक्यावर घेऊन मुंबईच्या गल्ल्यांतून हिंडण्याची पाळी कापूस पिकविणाऱ्यावर आली नाही. त्या कापसाचा भाव मात्र त्याच्या हाती कधीच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

याच गावात आणि याच जिल्ह्यात जेव्हा कोणी तरुण पहिली कादंबरी लिहितो, तेव्हा मात्र त्याला गाठ डोक्यावर घ्यावी लागते. हस्तलिखित पुरे होते. पुण्या-मुंबईच्या दोनचार प्रकाशकांकडे ते फिरून येते. अखेर कोणी छापण्यास तयार झालाच, तर काही प्रती लेखकाने स्वतः विकत घ्याव्यात अशी अट पुष्कळदा असते. मग पुस्तकांचे गठ्ठे घरात येतात आणि खाटेखाली किंवा धान्याच्या कोठीशेजारी रचले जातात. नातेवाइकांना ‘सप्रेम भेट’ दिली जाते. प्रकाशनसमारंभात शाल-श्रीफळ मिळते आणि तीन-चार वक्ते पुस्तक न वाचताच त्यावर बोलतात. वर्षभराने गठ्ठ्यांवर धूळ चढते. लेखक पुन्हा शाळेतल्या, कचेरीतल्या किंवा शेतातल्या कामाला लागतो. दुसरी कादंबरी कधीच लिहिली जात नाही, किंवा लिहिली गेली तरी छापली जात नाही.

लेखकाने आपल्या पुस्तकाविषयी स्वतः बोलावे की नाही, या प्रश्नाबाबत मराठी मन फार संकोची आहे. बोलला तर आत्मप्रौढी आणि न बोलला तर विस्मृती, अशी ही कोंडी असते. वास्तविक पुस्तक निघाले आहे एवढे वाचकाला कळविणे आणि ते थोर आहे असे वाचकाला बजावणे या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. पहिली गोष्ट लेखकाचे कर्तव्यच होय. दुसरी इतरांवर सोपवावी. हे ‘इतर’ कोण, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

त्याचा विचार खामगावातूनच सुरू करणे योग्य ठरेल. पुरुषोत्तम बोरकर हे खामगावचे. त्यांची ‘मेड इन इंडिया’ ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि एका तालुक्याच्या गावातील लेखकाचे नाव महाराष्ट्रभर झाले. नाव इंग्रजी आणि कादंबरी वऱ्हाडी, यातच तिच्या विनोदाचे आणि वेदनेचे मूळ आहे. खेड्याच्या राजकारणात मुरलेला, थोडाफार शिकलेला, मिश्किल आणि मनातून पोळलेला पंजाबराव पाटील आपल्याच तोंडाने आपली आणि गावाची कथा सांगतो. त्याच्या बोलण्यात इंग्रजी शब्द येतात ते वऱ्हाडी पेहराव करून, आणि सरकारी शब्द येतात ते हसण्याचे निमित्त होऊन. निवडणुका, सभा, योजना, शेती, नातीगोती या साऱ्यांवर तो बोलत सुटतो आणि हसता हसता वाचकाला एकदम ठेच लागते. पुढे बोरकरांनी ‘आमदार निवास रूम नं. १७५६’ आणि ‘१५ ऑगस्ट भागिले २६ जानेवारी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची शीर्षकेच त्यांची दृष्टी सांगून जातात. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

या कादंबरीचा प्रसार कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. वऱ्हाडी ही मुळात कानाची बोली. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘करून राह्यला’ हे शब्द कागदावर पाहून परजिल्ह्यातील वाचक जरा थबकतो, पण तेच कोणी मोठ्याने वाचून दाखविले की तो खदखदून हसतो. ‘मेड इन इंडिया’चा एकपात्री प्रयोगही झाला. ज्यांनी कधी कादंबरी हाती घेतली नव्हती, असे लोकही ती ऐकण्यास बसले. एकाने वाचून दुसऱ्याला ऐकवावी, दुसऱ्याने तिसऱ्याकडून ती मागून न्यावी, अशी या पुस्तकाची वाटचाल झाली. जाहिरातीपेक्षा वाचून दाखविणारा माणूस अशा पुस्तकाला अधिक लाभदायक ठरतो. वऱ्हाडी बोलीतील कादंबरीला मागणी येणार नाही, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यापूर्वी १९६० साली उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये कौतिकच्या तोंडी हीच बोली आली होती. त्या वेळीही ती समजेल की नाही अशी शंका घेणारे असतीलच. पुढे शांता गोखले यांनी ‘धग’ इंग्रजीत नेली, म्हणजे वऱ्हाडातील एका कष्टाळू बाईची बोली समुद्रापार पोहोचली.

एवढ्यावरून चांगले पुस्तक आपली वाट आपणच काढते, असा समाधानकारक निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु या जिल्ह्याच्या इतिहासातच त्याचे विदारक प्रत्यंतर आहे.

बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. सत्यशोधक विचारांचे गृहस्थ. त्यांची कन्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. ही कादंबरी नव्हे. पण स्त्रियांविषयी वाटेल तसे चित्र रंगविणाऱ्या त्या काळच्या कथा-नाटकांचाही तिने चांगलाच समाचार घेतला आहे. भाषा सडेतोड, घरगुती म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेली, आणि बुलढाण्याच्या एका कारकुनाच्या घरातून आलेली.

या पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. तो आपल्याच गोटातल्या माणसांनीही केला, हे अधिक लागणारे होते. त्या वेळी ताराबाईंच्या बाजूने उभा राहिला तो एक लेखक. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाचा कैवार घेतला आणि निंदकांना खडे बोल सुनावले. वयाने, कीर्तीने आणि अधिकाराने मोठ्या असलेल्या ग्रंथकाराने एका लेखिकेच्या पहिल्या पुस्तकासाठी आपली लेखणी खर्च केली. सहलेखकाविषयी चांगला शब्द बोलणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

तरीही ते पुरेसे ठरले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मरणात गेले ते नव्वदाहून अधिक वर्षे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध केले आणि मग साऱ्या जगाला कळले की स्त्रीमुक्तीच्या विचाराचा भारतातील एक आद्य ग्रंथ बुलढाण्याच्या लेखिकेचा आहे. आज महाराष्ट्र शासनाचे प्रथम प्रकाशनासाठी जे वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यांतील ललित गद्याचा पुरस्कार ताराबाई शिंदे यांच्या नावाने दिला जातो. पहिल्याच पुस्तकानंतर गप्प झालेल्या लेखिकेचे नाव पहिल्या पुस्तकांच्या पुरस्काराला लाभले, हा योग विलक्षण आहे. पण १८८२ साली या जिल्ह्यात त्या पाचशे प्रतींपैकी शंभर प्रती ठेवून घेणारी वाचनालये असती तर? असा प्रश्न कोणी विचारला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. आजही पहिल्या कादंबरीच्या छापील प्रती पुष्कळदा त्या पाचशेच्याच आसपास, किंबहुना त्याहून कमीच असतात.

मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची गोष्ट याहून सुखाची आहे. ते व्यवसायाने वकील. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९२९ सालची. जी. एन. जोशी यांनी ती गायिली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ज्या घरांत कवितेचे पुस्तक कधी शिरले नव्हते त्या घरांत मेहकरची कविता शिरली. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह मात्र १९५४ साली, म्हणजे कविता लिहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी आला. पुढे १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एका गायकाने एका कवीला उचलून धरले आणि कवीला वाचक मिळाले, ते पुस्तकाच्या आधीच. कादंबरीकाराला अशी सोय नाही. तीनशे पानांची कादंबरी कोणी गाऊ शकत नाही. तिच्यासाठी दिवे लावून, स्वस्थ बसून, दोन-चार रात्री देणारा माणूसच लागतो.

आता या सभेत ज्यांची संख्या अधिक आहे त्या शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या मंडळींकडे वळू या. कारण अलीकडच्या बुलढाणा जिल्ह्याच्या कादंबरीत पात्रे म्हणून जी माणसे वावरतात, ती म्हणजे प्रामुख्याने आपणच आहात.

चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांची पहिली कादंबरी ‘तहान’ १९९८ साली आली. विषय गावाची पाणीटंचाई. दुसरी ‘बारोमास’ २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ तनपुरे हा शिकलेला तरुण. पदव्या आहेत, पण संस्थेला देण्यास पैसा नाही म्हणून शिक्षकाची नोकरी नाही. आणि घरची शेती आहे, तर ती घर पोसण्यास समर्थ नाही. शहरातून आलेली पत्नी अलका, खस्ता खाल्लेले वडील, आई आणि भाऊ या सर्वांचे मिळून जे कुटुंब उभे राहते, ते सांजोळ या काल्पनिक गावातले असले तरी घाटावरच्या कोणत्याही गावात भेटेल. वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत आकड्यांच्या रूपाने येत होत्या त्याच काळात, आकड्यामागच्या घरात काय चालले आहे ते या कादंबरीने दाखविले. तलाठ्याने, ग्रामसेवकाने, बँकेच्या शाखाधिकाऱ्याने ती वाचली तर पंचनाम्याचा अर्ज भरताना त्याचा हात क्षणभर थांबेल.

रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही पहिली कादंबरी २००५ साली आली. तिचे तर शीर्षकच शासकीय दप्तरातून उचललेले आहे. राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना १९८८ साली झाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या. त्या मोहिमेत कागद कसे रंगले, तक्ते कसे भरले गेले, मूल्यमापनाची वेळ येताच निरक्षरांची शोधाशोध कशी झाली आणि या साऱ्यात प्राथमिक शिक्षकाची कशी ओढाताण झाली, याचे चित्र या कादंबरीत आहे. हसू येते, पण ते हसू कोणाला उद्देशून आहे हे शिक्षकाला आणि अधिकाऱ्याला लगेच कळते. २००९ साली तिच्यावर मराठी चित्रपटही निघाला. आज ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे आणि पुन्हा शिक्षकच घरोघर नोंदी घेत फिरत आहेत. अशा वेळी ही कादंबरी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेबरोबर ठेवावी असे कोणी सुचविले, तर ते थट्टेवारी नेण्याचे कारण नाही. मोहीम कोठे फसते हे परिपत्रकात लिहिलेले नसते.

अशी पुस्तके शासनयंत्रणेला सुखविणारी नाहीत. मग शासनयंत्रणेतल्या माणसांनी त्यांचा पुरस्कार का करावा? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच देता येईल की, ही पुस्तके द्वेषाने लिहिलेली नाहीत. ती लिहिणारे आपल्याच गावचे, बहुधा आपल्याच पेशाचे आहेत. पंचायतीच्या बैठकीत जो प्रश्न विचारण्यास गावकरी धजत नाही, तो प्रश्न येथे पात्राच्या तोंडून येतो. आणि शासनाने तरी अशा लेखनाला दूर ठेवलेले नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली, राज्याच्या स्थापनेच्याच वर्षी झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे त्या वाङ्मयप्रकारातले एकही पुस्तक निघालेले नाही अशा लेखकाने हस्तलिखित पाठवावे, ते जाणकारांकडून तपासले जावे आणि पसंत पडल्यास त्याच्या प्रकाशनाला अनुदान मिळावे, असे तिचे स्वरूप आहे. कादंबरी, कथा, कविता, नाटक, बालवाङ्मय असे प्रकार तीत येतात. दुसरी सोय वाङ्मय पुरस्कारांची. प्रथम प्रकाशनाच्या गटात कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. नवोदिताला आपल्या पहिल्या कादंबरीसाठी या वाटेने जाण्याची मोकळीक आहे. पण शाळेत, महाविद्यालयात आणि तालुक्याच्या गावात या योजनेची माहिती कितीशी पोहोचते? शेतीच्या योजना जशा सूचनाफलकावर लागतात, तशी ही लागलेली क्वचितच दिसते.

याहूनही महत्त्वाचा भाग पुस्तक छापून झाल्यानंतरचा आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत, त्यांना शासनाचे अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदी करावयाची असते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानामार्फत, म्हणजे १९७२ पासून, केंद्राचेही साहाय्य मिळत आले आहे. कागदावर पाहता पहिल्या कादंबरीच्या प्रती सामावून घेण्याइतकी कपाटे राज्यात आहेत. व्यवहारात मात्र काही ठिकाणी खरेदी मार्चअखेर होते, जो विक्रेता अधिक सूट देईल त्याचा गठ्ठा न उघडताच दाखल करून घेतला जातो आणि त्यात एकच पाककृतींचे पुस्तक चार निरनिराळ्या वेष्टनांत निघते. कार्यकर्त्यांचा यात सर्वस्वी दोष नाही. ग्रंथपालाचे मानधन तुटपुंजे, वेळ अपुरा आणि तपासणीच्या वेळी नगसंख्या मोजली जाते. तरीही प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्यातील लेखकांचे एक कपाट ठेवावयाचे ठरविले, तर त्यासाठी कोणत्याही नव्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही. गावात वाचनालय चालविणे हे ग्रामपंचायतीच्याही कामांत मोडते. ताराबाई शिंदे, ना. घ. देशपांडे, बोरकर, देशमुख, उत्रादकर एवढ्यांनीच त्या कपाटाचा एक कप्पा भरेल.

शाळांची गोष्ट तशीच. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला बक्षिसे वाटली जातात, त्यांत स्टीलच्या ताटल्या आणि पितळी रंगाचे करंडक पुष्कळ असतात. बोरकरांना आपल्या कादंबरीचे ते नाव सुचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असेच काही चित्र असावे की काय, कोण जाणे.

आता नवोदित लेखकांसाठी दोन शब्द. ‘कोसला’ ही भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी १९६३ साली आली. त्याच दशकात त्यांनी ‘वाचा’ हे अनियतकालिक चालवून इतर नव्या लेखकांचे लेखन लोकांपुढे ठेवले. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले. त्याच्या मेळाव्यांना ‘लेखक-वाचक मेळावा’ असे नाव असे. ज्याचे एकच लेखन छापून आले आहे असा तरुण तेथे उभा राहून बोलत असे आणि ज्येष्ठ ऐकत असत. विदर्भ साहित्य संघ तर १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला आणि शाखाशाखांतून त्याने गावोगावच्या लिहित्या माणसांना एकमेकांची ओळख करून दिली. या सर्वांचे सूत्र एकच की, ज्याला आपले पुस्तक वाचले जावे असे वाटते, त्याने प्रथम दुसऱ्याचे वाचलेले असावे.

म्हणून व्यवहाराची एक गोष्ट सुचवावीशी वाटते. नव्या कादंबरीकाराला एखाद्या शाळेत, पंचायतीत किंवा वाचनालयात बोलावले, तर त्याने पिशवीत दोन पुस्तके न्यावीत. त्यातले एक आपले आणि दुसरे जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणाचे तरी. अर्धा वेळ त्या दुसऱ्या पुस्तकावर बोलावे, त्यातले एक पान मोठ्याने वाचून दाखवावे आणि ते का आवडले, कोठे आवडले नाही, हे स्पष्ट सांगावे. ‘आवडले नाही’ हा भाग गाळू नये. तो गाळला की ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ सुरू होते, आणि उंट-गाढवांचा हा परस्परगौरव श्रोत्यांना फार लवकर ओळखू येतो. तालुक्याच्या गावातील साहित्यिक मंडळांना या रोगाची लागण नाही असे म्हणवत नाही. एकाच महिन्यात एकमेकांच्या पुस्तकांची तीन-तीन परीक्षणे लिहिली जातात आणि त्यांत पुस्तकाबद्दल एकही वाक्य नसते.

यजमानांनीही थोडे बदलावे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. या दोन्ही दिवशी शाळांतून भाषणे होतात. त्यांपैकी एका दिवशी भाषण रद्द करून जिल्ह्यातील लेखकाच्या पहिल्या कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून दाखवावे. वाचणारा शिक्षक वऱ्हाडी बोलणारा असावा. गावची पाणीटंचाई ज्या महिन्यात सुरू होते त्या महिन्यात ‘तहान’ वाचावी. ज्या ग्रामसभेत साक्षरतेचा आढावा घ्यावयाचा आहे तेथे ‘निशाणी डावा अंगठा’तली चार पाने वाचावीत, आणि सरपंचांनी ती ऐकताना मागच्या बाकावर बसावे. लेखकाला बोलावले तर शाल-श्रीफळाऐवजी त्याच्या पुस्तकाच्या पाच प्रती रोख किमतीला घ्याव्यात. सभा संपल्यावर चहा झाला की त्याला जाण्यायेण्याचे एस. टी.चे भाडे आठवणीने द्यावे.